भाडे आठ हजार. पण घर कितीला पडते?

शाळांचे निकाल लागले की आपल्या ओळखीच्या घराघरांतून एकच धावपळ सुरू होते. कुणाची अकरा महिन्यांची मुदत संपत आलेली असते. कुणाच्या थोरल्याचे लग्न ठरलेले असते आणि एका खोलीत दोन संसार मावत नाहीत. कुणाची वस्ती पुनर्वसनात गेलेली असते, तर कुणी नोकरीसाठी नुकताच गावाहून आलेला असतो. मग रविवार धरून नवराबायको कल्याणच्या पुढे अंबरनाथला, बदलापूरला उतरतात, एजंटच्या मागोमाग चार इमारतींचे जिने चढतात आणि परत येऊन शेजाऱ्यांना सांगतात, "वन रूम किचन आहे, आठ हजारांत मिळतेय." शेजारीही विचारतात ते एवढेच, की भाडे किती?

वाचकहो, हा प्रश्नच अपुरा आहे असे आमचे म्हणणे आहे. भाड्याचा आकडा म्हणजे घराच्या खर्चाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग दलालीत, डिपॉझिटात, रिक्षात, पाण्याच्या टँकरमध्ये आणि कागदावर न लिहिलेल्या अटींत दडलेला असतो. तो आधी मांडून पाहिला नाही, तर वर्षाच्या शेवटी बायकोच्या कानातले गहाण पडते आणि घर मात्र पुन्हा बदलावे लागतेच. म्हणून या वेळी आम्ही भाड्याच्या घराचा पुरता हिशोब मांडणार आहोत.

आपली माणसे एवढ्या लांब का गेली हे आधी पाहू. आपल्या आजोबांची पिढी वरळी, नायगाव, परळच्या चाळींत, माटुंगा लेबर कॅम्पात राहिली. त्यांचे भाडे अगदी किरकोळ होते. त्याचे कारण कायद्यात होते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच 'प्रमाण भाडे' धरले आणि ते जवळजवळ तिथेच गोठले. भाडेकरूला संरक्षण मिळाले ही चांगली गोष्ट झाली. परंतु घरमालकाला नवे घर भाड्याने देण्यात रस उरला नाही. पागडी आली, आणि भाडे कायदा चुकवण्यासाठी 'लिव्ह अँड लायसन्स' आले, म्हणजे भाडेकरू म्हणून नव्हे तर परवानगीने राहणारा म्हणून करार. पुढे सरकारने कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्याची धास्ती मालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. माणूस जास्त दिवस राहिला तर घर हातचे जाईल, ही भीती आजही अनेकांच्या बोलण्यात असते.

आजचा कायदा आहे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचे भाडे वर्षाला चार टक्क्यांनी वाढवण्याची मुभा त्याने मालकाला दिली आणि लिव्ह अँड लायसन्सला स्वतंत्र जागा दिली. आज उपनगरात आपण जे घर 'भाड्याने' घेतो, ते बहुधा याच लायसन्सवर असते. म्हणजे आजोबांना जे गोठलेल्या भाड्याचे संरक्षण होते ते आपल्याला नाही. आपले संरक्षण करारात लिहिले असेल तेवढेच. ही एक गोष्ट मनात पक्की धरली की पुढचे सगळे सोपे होते.

आता हिशोबाकडे येऊ. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपापले आकडे घालावेत.

समजा बदलापूरला आठ हजार भाड्याचे घर ठरले. डिपॉझिट चाळीस हजार. एजंटची दलाली एका महिन्याचे भाडे, म्हणजे आठ हजार. करार, स्टॅम्प, नोंदणी आणि ते करून देणाऱ्याची मजुरी मिळून तीन हजार. टेम्पो आणि हमाल पाच हजार. पहिल्या महिन्याचे भाडे आठ हजार. म्हणजे किल्ली हातात पडण्याआधी चौसष्ट हजार रुपये जवळ हवेत. त्यांपैकी डिपॉझिट परत यायचे आहे आणि भाडे हे भाडेच आहे. उरलेले सोळा हजार मात्र गेले ते गेले. अकरा महिन्यांवर ते वाटले तर महिन्याला सुमारे १,४५५ रुपये पडतात.

आता महिन्याचा खर्च धरू. भाडे आठ हजार. वर सांगितलेले १,४५५. वीज नऊशे. घरात दोघे कमावते असतील आणि दोघेही मुंबईला जात असतील, तर रेल्वेचे पास आणि घरापासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा मिळून अडीच हजार. उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावे लागते, त्याचे सरासरी तीनशे धरू. बेरीज होते १३,१५५ रुपये. आठ हजारांचे घर तेरा हजारांना पडले.

दुसरे घर अलीकडचे, कामाच्या जवळचे. भाडे बारा हजार, डिपॉझिट साठ हजार. दलाली बारा हजार, करार तीन हजार, टेम्पो पाच हजार, म्हणजे परत न येणारे वीस हजार. अकरा महिन्यांत ते महिन्याला १,८१८ पडतात. वीज नऊशे, प्रवास आठशे. बेरीज १५,५१८. दोन भाड्यांतला फरक चार हजारांचा दिसत होता, खरा फरक निघाला २,३६३ रुपयांचा.

आता त्यात वेळ घाला. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटरचे आहे. गाडीतच दीड-पावणेदोन तास जातात, आणि कल्याणच्या पुढच्या गाड्या मुळात कमी. जवळच्या घरामुळे दोघांचे रोजचे दोन-दोन तास वाचत असतील, तर पंचवीस दिवसांत शंभर तास झाले. २,३६३ रुपयांत शंभर तास, म्हणजे ताशी चोवीस रुपयांच्याही आत. पहाटे चारला उठून डबे करणारी आणि रात्री नऊला पुन्हा चुलीपुढे उभी राहणारी जी बाई त्या घरात असते, तिला विचारून पाहावे की तिचा एक तास चोवीस रुपयांना विकायचा का. मुलांचा अभ्यास घ्यायचा तो याच तासांत, आणि म्हाताऱ्या सासूला दवाखान्यात न्यायचे तेही याच तासांत.

जवळचेच घर घ्यावे असा याचा अर्थ नाही. ज्याच्याजवळ डिपॉझिटाचे वाढीव वीस हजार नाहीत, ज्याचे काम अंबरनाथच्या एमआयडीसीतच आहे, किंवा ज्याच्या घरातून एकटाच बाहेर पडतो, त्याला लांबचे घर परवडेल. आमचे सांगणे एवढेच की दोन्ही घरांची बेरीज कागदावर करावी आणि ती नवराबायकोने मिळून करावी. घर बघायला दोघे जातात आणि हिशोब मात्र एकटा पुरुष एजंटसमोर तोंडी करतो, हे चित्र बदलले पाहिजे.

एक गोष्ट भाड्यात कधीच लिहिलेली नसते, ती म्हणजे जागेची अवस्था. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदी आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये नदीचे पाणी हेंद्रेपाडा, रमेशवाडीसारख्या नदीकडच्या भागांत शिरले होते. त्याच २०१९ च्या पावसात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. अशा भागात तळमजल्याचे घर हजार रुपयांनी स्वस्त मिळते तेव्हा ते का स्वस्त आहे हे एजंट सांगत नाही. समोरचा किराणावाला, वरच्या मजल्यावरची बाई यांना विचारावे. भिंतीवर ओलीची रेघ कुठवर आहे ते पाहावे. पाणी किती वाजता येते, किती वेळ राहते, टँकरचे पैसे कोण देते, विजेचे बिल महावितरणचे मिळणार की मालक सबमीटर लावून आपला दर घेणार, हेही तिथेच विचारावे. शक्यतो एकदा पावसाळ्यात आणि एकदा संध्याकाळी जाऊन यावे.

आता डिपॉझिटविषयी. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये असे सुचवले आहे. परंतु तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो कुणाला बांधत नाही. व्यवहारात मालक मागेल तेवढे द्यावे लागते, म्हणून घासाघीस करावी ती भाड्यापेक्षा डिपॉझिटवर. भाडे दोनशेने कमी करायला मालक कुरकुरतो. चाळीसचे तीस करायला अनेकदा तयार होतो.

'हेवी डिपॉझिट'चा प्रकार त्याहून जपून हाताळावा. मालक म्हणतो, एकरकमी चार लाख द्या, भाडे देऊच नका; जाताना चार लाख परत. ऐकायला फार गोड वाटते. आपली माणसे पीएफचे, ग्रॅच्युइटीचे, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे अशा ठिकाणी घालतात. एक तर त्या रकमेचे व्याज बुडते. दुसरे म्हणजे मालकाने तेच पैसे दुसरीकडे अडकवलेले असतात आणि घर सोडताना तो पुढच्या माणसाच्या डिपॉझिटाची वाट पाहायला लावतो. तिसरे आणि सर्वांत वाईट म्हणजे घरावर बँकेचे कर्ज असते, हप्ते थकलेले असतात, आणि एक दिवस बँकेची नोटीस दारावर लागते. बँक आपल्या कर्जासाठी घर ताब्यात घेते. आपल्या चार लाखांशी तिला देणेघेणे नसते. म्हणून अशा व्यवहारात पडण्याआधी घर मालकाच्याच नावावर आहे का, त्यावर कर्ज आहे का, सोसायटीची थकबाकी आहे का, हे पाहावे. रक्कम कधीही रोख देऊ नये. आयुष्याची पुंजी असेल तर या वाटेला जाऊच नये, असेच आम्ही सांगू.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे कागद. आपल्याकडे अजूनही पुष्कळ जण शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतात आणि त्याला ॲग्रीमेंट म्हणतात. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत घर घेणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा करार असला म्हणजे नोंदणी लागत नाही, हा समज दुसऱ्या राज्यांत चालत असेल. तो १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला आहे. महाराष्ट्रात करार एका महिन्याचा असला तरी नोंदवावा लागतो.

खर्चाला घाबरून लोक नोंदणी टाळतात, म्हणून त्याचाही हिशोब पाहू. स्टॅम्प ड्युटी लागते ती मुदतीतले एकूण भाडे आणि डिपॉझिटावर वर्षाला दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे शेकडा पंचवीस पैसे. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचे भाडे अठ्ठ्याऐंशी हजार आणि चाळीस हजारांवरचे व्याज सुमारे ३,६६७. त्याचा पाव टक्का सुमारे २२९ रुपये. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. बाकी जे काही घेतात ती करून देणाऱ्याची मजुरी. हे सर्व आता ऑनलाइन होते, अंगठा घेण्यासाठी माणूस घरी येतो, साक्षीदार आणि आधार कार्ड तयार ठेवले की अर्ध्या तासाचे काम असते.

यातली एक गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. असा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. तोच आठ हजारांचा करार छत्तीस महिन्यांचा केला तर भाडे होते दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार आणि व्याज बारा हजार. बेरीज तीन लाख, स्टॅम्प साडेसातशे रुपये. नोंदणी फी तीच, एकदाच. दर वर्षी करार नवा केला की एजंट पुन्हा हात पुढे करतो, मालक मनाला येईल ती वाढ मागतो, आणि जमले नाही तर पुन्हा टेम्पो, पुन्हा दलाली, पुन्हा मुलाची शाळा. तीन वर्षांचा करार करून त्यात दर वर्षी किती टक्के वाढ हे आधीच लिहून घेतले, तर परत न येणारे ते सोळा हजार छत्तीस महिन्यांत वाटले जाऊन महिन्याला साडेचारशेच्या आत येतात. भाडे कमी करून घेण्यापेक्षा मुदत वाढवून घेण्यात फायदा जास्त आहे. मालकाची भीती घालवायची तर त्याला सांगावे की मुदत संपल्यावरही जो घर सोडत नाही त्याच्याकडून दुप्पट रक्कम वसूल करण्याची आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट ताबा मिळवण्याची तरतूद याच कायद्यात त्याच्यासाठी आहे. आपणही ती लक्षात ठेवावी आणि मुदत संपल्यावर रेंगाळू नये.

करारात पुढील गोष्टी शब्दांत लिहून घ्याव्यात. डिपॉझिट किती, कुठल्या चेकने किंवा खात्यातून दिले, आणि घर रिकामे केल्याच्या दिवशीच परत मिळेल. रंगरंगोटीचे पैसे कापायचे की नाही. नळ, वायरिंग, गळती यांची दुरुस्ती कोणी करायची. मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा. दोन्ही बाजूंनी किती महिन्यांची नोटीस. घरात शिरताना भिंती, नळ, मीटरचे आकडे यांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. जाताना भांडण होत नाही. सोसायटीत सभासद स्वतः राहत नसल्याबद्दल जो आकार लागतो तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा सरकारचा आदेश २००१ पासून आहे. तो द्यायचा मालकाने. आपल्या माथी येत असेल तर करारात पाहावे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचे काम मालकाचे असले, तरी ते झाले की नाही ते आपण विचारून पोच ठेवावी.

हा कागद केवळ भांडणासाठी नसतो. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा आपल्या मुलांसाठी राखीव असतात. त्या प्रवेशाला भाड्याने राहणाऱ्यांना रहिवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार लागतो. नोटरीचा कागद चालत नाही. हजार-दीड हजार वाचवण्यासाठी ज्यांनी नोंदणी टाळली, त्यांच्या मुलाची चांगल्या शाळेतली जागा त्यापायी जाऊ शकते. तेव्हा हा खर्च घराच्या नव्हे, मुलाच्या नावावर लिहावा. आणि करार शक्य तर नवराबायको दोघांच्या नावाने करावा. नवऱ्याचे काही बरेवाईट झाले किंवा तो घर सोडून गेला, तर त्या बाईला मुदत संपेपर्यंत तरी दार बंद होत नाही.

आता जे बोलायला नको वाटते तेही बोलले पाहिजे. आपल्या घरभाड्यात आणखी एक खर्च असतो जो इतरांच्या घरभाड्यात नसतो. घर पसंत पडते, भाडे ठरते, आणि शेवटी प्रश्न येतो, "आडनाव काय म्हणालात?" मग मालकाचा भाऊ गावाहून येणार असतो, किंवा घर अचानक विकायचे ठरते. दहा घरे बघणाऱ्यापैकी तीनच घरांची दारे ज्याला उघडी, त्याला भावात घासाघीस करता येत नाही. तो मागितले ते भाडे देतो, किंवा एक स्टेशन पुढे सरकतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत केलेली पाहणी २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाली. दलित आणि मुस्लिम म्हणून विचारणा करणाऱ्यांना कुठे सरळ नकार मिळाला, तर कुठे जास्त भाडे वा वेगळ्या अटी सांगण्यात आल्या, असे तिने दाखवले. आपण अनुभवाने जे जाणतो ते तिथे आकड्यांत आले. जात भाड्याच्या पावतीवर लिहिलेली नसते, पण पैसे मात्र वसूल करते.

काही जण आडनाव बदलून घर घेतात. त्यांना आम्ही दोष देणार नाही. १९१७ साली परदेशी विद्यापीठांतून शिकून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांनाही गावात घर मिळाले नाही. रोजच्या दीड रुपयावर पारशी नावाने ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनीच हे लिहून ठेवले आहे. पैसा त्यांच्याजवळ होता, हुद्दा होता, घर तेवढे नव्हते. नाव लपवून मिळालेल्या घरात माणूस रोज दचकून जगतो. भिंतीवर तसबीर लावता येत नाही, १४ एप्रिलला पाहुणे बोलावता येत नाहीत, मुलांना शाळेत काय सांगायचे ते शिकवावे लागते. तोही घराचा खर्चच आहे, आणि तो मुलांकडून वसूल होतो.

एकट्या मालकाने कारण न देता नकार दिला तर त्याच्यावर थेट बोट ठेवता येईल असा भाडेकरूंसाठीचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, हे खरे आहे. परंतु चारचौघांत जातीवरून शिवीगाळ वा अपमान झाला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही ते संरक्षण आहे. एखाद्या गृहनिर्माण संस्थेने 'अमक्यांना जागा देऊ नये' असा ठराव केल्याचे कळले, तर तो लेखी मागावा आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करावी. तोंडी रागावून परत येण्याने पुढच्या कुटुंबाचा रस्ता मोकळा होत नाही.

त्याहून हाताशी असलेला उपाय आपल्याच समाजात आहे. रेल्वेत, बँकेत, महापालिकेत, शाळांत नोकरी केलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांचे आज कल्याण-बदलापूर पट्ट्यात दुसरे घर आहे आणि ते भाड्याने दिलेले आहे. आम्ही त्यांना विनंती करू की घर रिकामे होणार असेल तेव्हा एजंटला कळवण्याआधी ते विहारात रविवारी सांगावे. शोधणाऱ्याची एक महिन्याची दलाली वाचेल आणि मालकाला ओळखीचा माणूस मिळेल. त्याचबरोबर हेही सांगू की करार नोंदवून द्यावा, पावती द्यावी, डिपॉझिट वेळेवर परत करावे. आपल्याच एखाद्या बंधूने मुस्लिम कुटुंबाला, एकट्या राहणाऱ्या नर्सला किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईला नाव ऐकून नकार दिला, तर आपल्याला मिळालेल्या नकाराविषयी बोलण्याचा आपला अधिकार तेवढा कमी होतो.

येत्या महिन्यात ज्यांना घर बदलायचे आहे त्यांनी एक कोरी वही घ्यावी. पहिल्या पानावर किल्ली मिळेपर्यंतचा खर्च लिहावा, दुसऱ्यावर महिन्याचा, तिसऱ्यावर रोजचे तास. चौथे पान कराराच्या अटींसाठी ठेवावे. चारही पाने भरून झाल्यावर घरातल्या सर्वांनी, शाळेत जाणाऱ्या मुलांनीसुद्धा, एकत्र बसून ती वाचावीत आणि मगच बयाणा द्यावा.